सत्तावीस नंबरचा दात

डॉक्टर : नाही आजोबा, घड्याळ नाही आणलेलं. दात आणलाय.

आजोबा : दात? मग पत्ता चुकलात बाई. इथे घड्याळं दुरुस्त होतात. दातांचा दवाखाना कोपऱ्यावर, औषधांच्या दुकानाच्या वर. आणि तो पत्ता मी तुम्हाला सांगायचा म्हणजे कमालच झाली. तुम्ही स्वतः दातांच्या डॉक्टर ना?

डॉक्टर : हो. आणि हा दात तुमच्या नातीचा. मुंगीचा. दात किडू नयेत म्हणून शाळेत मुलांना फ्लोराइडचं जेल लावायला आले होते ती मी. ओळखलंत?

आजोबा : न ओळखायला काय झालं! पोरांच्या तोंडात ट्रे कोंबून चार-चार मिनिटं पुतळ्यासारखं बसवलं होतंत. वर अर्धा तास काही खायचं नाही, प्यायचं नाही. मुंगीने त्यात बोलायचंही नाही हे पदरचं घातलं. इतकी शांतता या घरात कधी नव्हती. रोज या म्हणणार होतो. बसा, बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय लंगडा आहे.

डॉक्टर : मुंगी आहे घरात?

आजोबा : शाळेत. तीनला सुटते. तिची आई ऑफिसात. घरात मी आणि ही भिंतीवरची मंडळी. चहा टाकू?

डॉक्टर : नको. मुंगी यायच्या आत बोललेलं बरं. आजोबा, तुम्हाला आमचा अभ्यास नीट माहीत आहे ना?

आजोबा : वरवर. आमचं काम म्हणजे पडलेला दात बाटलीत घालून द्यायचा. तो दिला. संपलं. बरं, तुमच्या हातातलं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे, काढा बघू, लगेच करून देतो.

डॉक्टर : राहू दे ते मागे. तीस मुलं होती. प्रत्येकाच्या उजव्या बाजूच्या दातांना जेल लावलं, डावी बाजू कोरी ठेवली. वरचे पुढचे दोन दुधाचे दात आपोआप पडले की दोन्ही आमच्याकडे. त्यावर आम्ही अ‍ॅसिडचा थेंब ठेवतो. दाताचं जे वरचं चकचकीत कवच असतं ना, एनॅमल, त्याचा अगदी पातळ पापुद्रा त्यात विरघळतो. मग त्या पापुद्र्यात फ्लोराइड किती मुरलंय ते मोजायचं. मग त्याच्या खालचा पापुद्रा. मग त्याच्या खालचा.

आजोबा : कांदा सोलल्यासारखं.

डॉक्टर : साधारण. उजव्या दातात डाव्यापेक्षा जास्त मुरलेलं असायला हवं, तेही सगळ्यांत वरच्या थरात. एकोणतीस मुलांचं तसंच आलं. मुंगीचा नंबर सत्तावीस.

आजोबा : हुशार आहे पोरगी. गणितात जरा कच्ची, पण...

डॉक्टर : सत्तावीसचा डावा दात शहाण्यासारखा वागला. तीस सेकंदांत पापुद्रा सुटला, आकडे मिळाले. मग उजवा घेतला. तीस सेकंद झाले, काही नाही. एक मिनिट, काही नाही. अर्धा तास. शेवटी आमच्या सरांनी रागारागाने अख्खा दात अ‍ॅसिडच्या पेल्यात टाकला आणि जेवायला निघून गेले.

आजोबा : मग?

डॉक्टर : परत आले तर दात आपला जसाच्या तसा. फ्लोराइड शून्य, कॅल्शियम शून्य.

आजोबा : म्हणजे नापास झाला म्हणा.

डॉक्टर : कुणालाही तसंच वाटेल. सरांना वाटलं, पहिला आला. त्यांचं म्हणणं, जेल इतकं खोल मुरलंय आणि इतकं घट्ट बसलंय की काही केल्या बाहेरच येत नाही. बाहेर येत नाही म्हणून शून्य. त्यांच्या मते हे शून्य आजवरचा सगळ्यांत मोठा आकडा आहे.

आजोबा : तुमचे सर आमच्या धंद्यात नाहीत हे बरं. बंद घड्याळ दाखवलं असतं तर म्हणाले असते, वेळ इतकी पक्की धरलीय की सोडतच नाही.

डॉक्टर : हसू नका आजोबा. अकरा वर्षं त्या जेलवर काम करताहेत ते. अकरा वर्षांत गेल्या आठवड्यात पहिल्यांदा हसले. प्रयोगशाळेतल्या शिपायाला मिठी मारली. शिपाई घाबरून रजेवर गेलाय, अजून आला नाही.

आजोबा : बरं मग? सर खूश, तुम्ही खूश. माझ्याकडे काय काढलंत?

डॉक्टर : आज चार वाजता शाळा समितीची बैठक आहे. सर तिथे हा दात दाखवणार, तो घेऊन पोचायचं मी. म्हणणार, चार मिनिटं जेल लावून असा दात होतो, तर वीस मिनिटं लावा. सगळ्या शाळांत. पाच हजार मुलांना.

आजोबा : वीस मिनिटं? अहो, चार मिनिटांत मुंगीच्या वर्गातल्या तिघांना ओकारी झाली होती!

डॉक्टर : चौघांना. एक माझ्या अंगावर झाली. पोरं ते गिळतात हो, कितीही सांगा. चार मिनिटांत थोडं पोटात जातं, निभावतं. वीस मिनिटांत काय होईल याचा विचार करा. आणि मुंगीला समितीसमोर खुर्चीवर उभं करून तोंड उघडायला लावणार आहेत. बाकीचे दात बघायला.

आजोबा : मुंगीला? खुर्चीवर?

डॉक्टर : म्हणून म्हटलं, तुम्ही एकदा बघा. तुमची नजर बारीक कामाची. हा दात. आणि हे तुमचंच भिंग. डोळ्याला लावा.

आजोबा : हं. बघतो. दे... द्या इकडे. अं... छान आहे. दात म्हणून छानच आहे. अ‍ॅसिडात पडूनसुद्धा कडेला कुठे तडा नाही. उतार कसा साधलाय बघा. आणि आतली पोकळी! काम सुबक आहे हो.

डॉक्टर : कुणाचं काम?

आजोबा : निसर्गाचं. दुसऱ्या कुणाचं असणार?

डॉक्टर : हं. पण मागच्या बाजूला कानशीचे ओरखडे दिसतात.

आजोबा : शक्यच नाही! शेवटचा हात मी पॉलिशच्या कापडाने... चहा टाकतो.

डॉक्टर : आजोबा.

आजोबा : साखर किती?

डॉक्टर : आजोबा, हा दात प्लास्टिकचा आहे.

आजोबा : प्लास्टिकचा नाही. कवळीतला आहे. प्लास्टिक म्हटलं की बादली आठवते माणसाला.

डॉक्टर : कुणाच्या कवळीतला?

आजोबा : माझ्या. पहिल्या कवळीतला. ती कधी बसलीच नाही मला, बोलताना टकटक वाजायची, गिऱ्हाइकांना वाटायचं घड्याळच चालतंय. ड्रॉवरमध्ये पडून होती. तिच्यातला खालचा, सगळ्यांत लहान दात काढला. रुंदी कमी केली. दुधाचा दात पडतो तेव्हा मूळ झिजून गेलेलं असतं ना, खालून पोकळ, कडा कुरतडल्यासारखी, ते सगळं ड्रिलने केलं. बाईसाहेब, ते ड्रिल केसाएवढं आहे! मुंगीचा डावा दात बाटलीत घालण्याआधी मी भिंगाखाली बघितला होता. तो आठवून त्याचा उजवा केला. आरशात दिसावा तसा. आणि हा कोपऱ्यातला पिवळट डाग दिसतोय? चहाचा आहे. पाच दुपारी चहात बुडवला. कोऱ्या चहात, दुधाने रंग नीट धरत नाही.

डॉक्टर : अहो, पण का? खरा दात कुठे आहे?

आजोबा : माझ्यात.

डॉक्टर : तुमच्यात म्हणजे?

आजोबा : म्हणजे गिळला मी. अशा काय बघताय, मुद्दाम नाही गिळला! सकाळी माझ्या पाच गोळ्या असतात. निळ्या बशीत काढून ठेवतो आणि एकदम तोंडात टाकतो, वरून पाणी. तुमच्या बाटलीचं झाकण पोरीला उघडेना, म्हणून तिने दात त्या बशीत ठेवला आणि गेली शाळेला. ‘आजोबा, तुम्ही बाटलीत घाला,’ असं ओरडून सांगितलंन म्हणे दारातून. मला कमी ऐकू येतं. गोळ्या सहा लागल्या तोंडाला, एवढं जाणवलं. म्हटलं डॉक्टरांनी एक वाढवली असेल. सुनेला विचारायचं राहून गेलं. दुपारी पोरगी ‘दात घातलात ना?’ विचारत आली, तेव्हा उलगडा झाला.

डॉक्टर : आणि नंतर... म्हणजे... शोधलात का?

आजोबा : तीन दिवस.

डॉक्टर : भिंग लावून?

आजोबा : बाई! भिंगावर माझं पोट चालतं. त्याची काही इज्जत आहे की नाही?

डॉक्टर : अहो, मग सरळ सांगायचंत. दात हरवला म्हणायचं. मागच्या अभ्यासात चार दात हरवले. एक कुत्र्याने खाल्ला. आम्ही वहीत ‘गहाळ’ लिहितो आणि पुढे जातो. कुणी कुणाला फासावर देत नाही.

आजोबा : तुम्हाला सांगितलं असतं हो. तिला कसं सांगणार?

डॉक्टर : मुंगीला? ती काय बोलणार आहे तुम्हाला?

आजोबा : तेच तर. काही बोलणार नाही. नुसती बघेल. तुम्हाला माहीत नाही. मागच्या महिन्यात त्या कोपऱ्यातल्या मोठ्या घड्याळाची काच फुटली. मी विचारलं, कुणी फोडली? तर म्हणाली, मांजराने. आमच्याकडे मांजर नाही. शेजारीपाजारीही नाही. मी म्हटलं, काच फुटली त्याचं काही नाही, पण या दुकानात खोटं चालायचं नाही. गिऱ्हाइकाचं घड्याळ मेलेलं असेल तर मेलंय म्हणून तोंडावर सांगतो मी, उगाच आशेला लावत नाही. आणि माझी नात मांजर दाखवते? दोन दिवस बोललो नाही तिच्याशी.

डॉक्टर : दोन दिवस? सात वर्षांच्या मुलीशी?

आजोबा : हो. आता त्याच माणसाने पाच दुपारी बसून दात कोरला, चहात बुडवला, आणि तिच्या हातात बाटली देऊन म्हणाला, ‘हा घे तुझा दात, दे नेऊन.’ कुठल्या तोंडाने सांगू? तोंडातला दातही माझा नाही, शब्दही माझा राहिला नाही.

डॉक्टर : हे बघा, मला तुमचं दुःख कळतं. पण आता तीन वाजून गेलेत. मी एक कागद लिहून आणलाय. यावर फक्त सही करा. मी हा सरांपुढे ठेवते, बैठकीत दात दाखवला जाणार नाही, आणि मुंगीला यातलं काही कळणार नाही. वाचा हवं तर.

आजोबा : चष्मा... हां. ‘मी, नमुना क्रमांक सत्तावीसचा पालक, लिहून देतो की, अभ्यासाची जाणूनबुजून फसवणूक करून...’ ‘फसवणूक’ काढा.

डॉक्टर : मग काय लिहू?

आजोबा : ‘हुबेहूब प्रतिकृती’ लिहा.

डॉक्टर : आजोबा, हे प्रदर्शन नाहीये!

आजोबा : तुमच्या सरांना पटली ना? मग हुबेहूबच.

डॉक्टर : बरं, ‘प्रतिकृती’ लिहिते. ‘हुबेहूब’ नको. इथे. आणि खाली सही.

आजोबा : आणि हा कागद उद्या शाळेत पोचणार नाही कशावरून? तिच्या बाईंच्या हातात? पेन ठेवा तुम्ही. मला विचार करू दे.

डॉक्टर : विचार करायला वेळ नाहीये हो! सत्तर घड्याळं आहेत इथे, एकात तरी बघा!

मुंगी : आजोबाऽऽ, आज बाईंनी मला दोनदा... अय्या! डॉक्टरताई! तू आमच्या दुकानात? माझा दात पास झाला?

डॉक्टर : अं... मुंगी, ये. मोठी झालीस गं.

मुंगी : एका महिन्यात कुणी मोठं होत नाही. दात कसा आहे? फ्लोराइड मुरलं का?

डॉक्टर : ते आजोबांना... आम्ही तेच बोलत होतो.

आजोबा : दप्तर ठेव. इकडे ये. नाही, त्या स्टुलावर नको. इथे, माझ्यासमोर बस.

मुंगी : मी काही नाही केलं.

आजोबा : तू नाही. मी केलंय. बाई, तुम्ही मध्ये बोलू नका. मुंगे, तुझा तो दुसरा दात, उजवा. तू निळ्या बशीत ठेवलेलास. तो मी बाटलीत नाही घातला. मी तो माझ्या गोळ्यांबरोबर गिळून टाकला. चुकून. आणि मग तुला कळू नये म्हणून दुसरा दात केला. माझ्या जुन्या कवळीतला, कानशीने घासून. तोच तुझ्या हातात दिला आणि तुझा म्हणून सांगितलं. खोटं बोललो मी. साफ खोटं. आता तू दोन दिवस बोलू नकोस माझ्याशी. चार दिवस नको बोलूस. तुझा हक्क आहे.

मुंगी : ...

आजोबा : काहीतरी बोल गं.

मुंगी : तुम्हाला काही झालं नाही ना?

आजोबा : मला काय व्हायचंय?

मुंगी : पोटात दुखलं? ताप? जंत?

आजोबा : दाताने कुठे जंत होतात? आणि नातीचाच दात. त्याची काय घाण वाटायची?

मुंगी : आजोबा, तो माझा नव्हता.

आजोबा : काय नव्हता?

मुंगी : दात. तो चिचुंद्रीचा होता.

डॉक्टर : चिचुंद्रीचा? प्राण्याचा?

मुंगी : नाही गं ताई, माझ्या बाकावर बसते ती. सगळे तिला चिचुंद्रीच म्हणतात, बाईसुद्धा. ती पेन्सिली खाते. खडूपण खाते. एकदा मातीपण खाल्लेली.

आजोबा : पाणी. पाणी दे मला.

मुंगी : माझा दात शाळेतच पडला, डबा खाताना. ब्रेडबरोबर पोटात गेला. मला नंतर कळलं, जिभेला भोक लागलं तेव्हा. मग चिचुंद्रीला माझं वासाचं खोडरबर दिलं आणि तिच्याकडून दात घेतला. तिच्या कंपासपेटीत तीन होते. मी त्यातला स्वच्छ बघून घेतला.

आजोबा : स्वच्छ बघून!

मुंगी : धुतलेला मी. नळाखाली.

डॉक्टर : थांबा. थांबा जरा. म्हणजे मुंगीचा दात मुंगीच्या पोटात. चिचुंद्रीचा दात आजोबांच्या पोटात. आणि आजोबांचा दात आमच्या बाटलीत. बरोबर?

मुंगी : हो. चिचुंद्रीकडे अजून दोन आहेत. आणू?

डॉक्टर : नको!

आजोबा : वीस दिवस. वीस दिवस मी मनात म्हणतोय, जाऊ दे, आपल्याच नातीचा आहे, आपल्याच घरात राहिला. सकाळी गोळ्या घेताना डोळ्यांत पाणी यायचं माझ्या. आणि तो त्या खडूखाऊ पोरीचा! मुंगे, अगं हे आधी का नाही सांगितलंस? दात गेला पोटात, तर गेला. सांगायचंस.

मुंगी : तुम्ही बोलला नसतात मग.

आजोबा : दात गिळला म्हणून?

मुंगी : आधी मी म्हणाले होते ना, दात नीट जपून आणीन, शप्पथ. मग हरवला. म्हणजे ते पण खोटंच झालं. तुम्ही काचेच्या वेळी दोन दिवस बोलला नव्हतात. मी रात्री तुम्हाला ‘आजोबा, झोपू का?’ विचारलं, तरी तुम्ही भिंतीकडेच बघत होतात. मला वाटलं, आता परत कधीच बोलणार नाही. मग तिसऱ्या दिवशी बोललात. पण दात तर काचेपेक्षा महत्त्वाचा आहे. त्याला नंबरपण आहे. चिडलात?

आजोबा : नाही गं राणी. चिडलो नाही. इकडे ये. किती वाईट वागलो मी तुझ्याशी. कळलंच नाही मला. मी आपला शिस्त लावतोय म्हणून ताठ बसलो होतो भिंतीकडे तोंड करून, आणि तू पलीकडे दोन दिवस... बाई, द्या तो कागद. करतो सही. ‘फसवणूक’ राहू दे. फसवणूकच आहे ती.

डॉक्टर : हा घ्या. इथे खाली.

मुंगी : मी वाचू? मला जोडाक्षरं येतात आता.

डॉक्टर : नको, मोठ्यांचं आहे ते.

आजोबा : वाचू दे. तिच्यापासून आता काय लपवायचंय?

मुंगी : ‘...खोटा दात दिला. सं-शो-धि-के-ला ही बाब आज प्र-थ-मच समजली.’ संशोधिका म्हणजे तू ना ताई?

डॉक्टर : हो.

मुंगी : म्हणजे तुला आत्ता कळलं? इथे आल्यावर?

डॉक्टर : अं... हो, म्हणजे तसंच.

आजोबा : बाई, कागद तर तुम्ही घरून लिहून आणलात. आणि ओरखडेही तुम्हीच आधी दाखवलेत. तेव्हा भिंग तर माझ्या डोळ्याला होतं.

डॉक्टर : बाटली उघडली तेव्हाच कळलं होतं मला. चिमट्याने उचलला आणि हाताला हलका लागला. सहा वर्षं दातच हाताळतेय मी, न कळायला काय झालं? सांगणारच होते. पण तेवढ्यात सरांनी तो घेतला, पेल्यात टाकला, आणि परत आले तर... अहो, तुम्ही त्यांचा चेहरा बघितला नाहीत. म्हातारा माणूस लहान मुलासारखा उड्या मारत होता. मला म्हणाले, तुझा प्रबंध आता झालाच समज, डोळे मिटून सही करतो. म्हटलं, उद्या सांगू. उद्याचं परवा झालं. मग समितीची तारीख ठरली, मग पाच हजार मुलं आली त्यात. आता सांगायचं म्हणजे इतके दिवस का गप्प होतीस, हेही सांगावं लागणार. म्हणून हा कागद. तुमची सही असली की खोटं तुमचं होतं. माझं राहत नाही.

मुंगी : म्हणजे आजोबांना मांजर केलंस तू.

डॉक्टर : हो. मांजरच केलं.

आजोबा : सर काय करतील, कळलं तर?

डॉक्टर : ओरडत नाहीत ते. ओरडले तर बरं. माझ्या आधी एक मुलगी होती, तिच्या हातून नमुन्यांचा एक डबा उन्हात राहिला. सर वर्षभर तिच्याशी बोलले नाहीत. कागदावर सही नाही, ‘कशी आहेस’ नाही. समोरून गेली तर तिच्याकडे खिडकी बघितल्यासारखं बघायचे. शेवटी ती सोडून गेली. हल्ली चष्म्याच्या दुकानात असते.

मुंगी : वर्षभर? आजोबा, ऐकलंत? वर्षभर!

आजोबा : ऐकतोय. बाई, सही मी करतो. माझा गुन्हा मला मान्य आहे, तुमच्यासाठी म्हणून नाही, माझा आहे म्हणून. पण ते ‘आज प्रथमच’ खोडा. वेळ चुकीची लिहिलेल्या कागदावर मी सही करत नाही. आयुष्यभर हाच धंदा केलाय.

डॉक्टर : खोडलं तर माझं काय होईल, कळतंय ना तुम्हाला?

आजोबा : कळतंय. म्हणून तर तुम्हीच खोडा म्हणतोय. मी खोडणार नाही.

मुंगी : ताई, माझं पेन घे. याची शाई जात नाही.

डॉक्टर : दे. खोडते. झालं. पण कागद जाऊन द्यायला आता वेळ नाही, बैठकीचं ठिकाण गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. फोनच करावा लागेल.

आजोबा : करा की. इथूनच करा. आम्ही आहोत.

(डॉक्टर फोन लावते. भिंतीवरची घड्याळं, एकेक करत, आपापल्या सवडीने साडेतीनचा ठोका देतात.)

डॉक्टर : सर? हो, मीच. आवाज? घड्याळांचा आहे. नाही सर, मी बैठकीला पोचलेले नाही. मी सत्तावीस नंबरच्या घरी आहे. सर, त्या दाताचं समितीला काही सांगू नका... नाही, दुखापत कुणाला नाही. तो दात मुलीचा नाही. कवळीतला आहे, तिच्या आजोबांच्या... नाही सर, ‘जेलमुळे तसा झाला’ असं नाही. तो आधीपासूनच तसा होता. मुरलं काहीच नव्हतं, कारण मुरायला तिथे काही नव्हतंच... हो, वीस मिनिटं सांगू नका, सर. चारच. बाकीच्या एकोणतीस मुलांचे आकडे खरे आहेत आणि चांगले आहेत. साधे आहेत, पण चांगले आहेत... सर, अजून एक. मला हे आज नाही कळलं. ज्या दिवशी तुम्ही हसलात ना, त्या दिवशी सकाळीच मला माहीत होतं. तुम्ही पेल्यात टाकायच्या आधी. मी बोलले नाही. ...सर? ...सर, ऐकताय ना?

मुंगी : काय म्हणाले?

डॉक्टर : काहीच नाही. फोन चालू आहे. नुसते गप्प आहेत.

मुंगी : धरला अबोला?

डॉक्टर : बहुतेक. ठेवते मी.

आजोबा : ठेवू नका. राग नसतो तो पहिल्यांदा. काय बोलावं तेच सुचत नसतं माणसाला. थांबा जरा फोनवर.